त्र्याऐंशीवा जोड

गुरुवार, दिनांक ९ जानेवारी २०२५. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. चपलांचे जोड : एकसष्ट.

ऋता टिपणीसने हा आकडा वहीत लिहिला, त्याखाली रेघ ओढली आणि मान वर केली. विक्रोळी पूर्वेला, खारफुटीच्या अलीकडे, बंद पडलेल्या ‘विश्वंभर ग्लास वर्क्स’च्या फाटकासमोर पाच सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि त्यांवर माणसे मुकाट बसली होती. घोषणा नव्हत्या, ध्वनिक्षेपक नव्हता. खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला चिखलाचा आणि मिठाचा वास होता. धरण्याचा तो एकोणचाळिसावा दिवस.

ऋता तेहतीस वर्षांची होती आणि गेली नऊ वर्षे एका मराठी दैनिकासाठी आंदोलनांवर लिहीत होती. मोर्चे, उपोषणे, मूक फेऱ्या, साखळ्या. तिची ओळख तिच्या आकड्यामुळे होती. आयोजक दोन हजार म्हणत, बंदोबस्तावरचे चारशे म्हणत आणि ऋता टिपणीस सातशे अठरा लिही. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू निमूटपणे सातशे अठराच धरत. या आकड्यामागे दोन नियम होते. डोकी मोजायची नाहीत, चपला मोजायच्या; कारण डोके हलते, चहाला जाते, बघ्यांत मिसळते, पण सतरंजीसमोर काढून ठेवलेली चप्पल माणूस बसला आहे तोवर जागची हलत नाही. आणि दुसरा नियम असा, की मोजणाऱ्याने स्वतः सतरंजीवर कधीही बसायचे नाही.

“बासष्ट,” मागून कोणीतरी म्हणाले.

ऋताने वळून पाहिले नाही. “एकसष्ट. दोनदा मोजलेत मी.”

“तिसऱ्यांदा मोजलेत तरी एकसष्टच येतील. पण माणसं बासष्ट आहेत.”

“एक जण अनवाणी आलाय का?”

“नाही... बूट घालून आलाय. बूट पिशवीत आहेत.”

आता मात्र तिने वळून पाहिले. पाचव्या सतरंजीच्या टोकाला एक उंच, सावळा, जाड चष्म्याचा पुरुष बसला होता. त्याच्या मांडीवर हजेरीची वही होती आणि तो एका कापडी पिशवीचे तोंड उघडून तिला आतले बूट दाखवत होता. चेहरा गंभीर होता; डोळे मात्र तसे नव्हते.

“हे काय?”

“तिसऱ्या दिवशी एक बूट मोत्यानं नेला. फाटकावरचा कुत्रा. संध्याकाळी परत आणला, पण तेव्हा तो बूट राहिला नव्हता.”

“म्हणजे माझा आकडा तुमच्यामुळे चुकला.”

“माझ्यामुळे नाही, मोत्यामुळे. पण तो प्रतिक्रिया देत नाही.”

ऋता हसली. हसल्यावर तिच्या लक्षात आले, की या आठवड्यात हे पहिलेच.

“बूट रांगेत ठेवा,” ती म्हणाली. “नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं छापीन.”

“पेपरवाल्यांची धमकी ऐकून होतो, आज बघितली.” त्याने बूट काढले आणि रांगेच्या शेवटी, खडूच्या रेघेवर, टाचा जुळवून ठेवले. “तुमच्या एका आकड्यासाठी नवे बूट धोक्यात घालतोय. ध्यानात ठेवा.”

“नाव?”

“चैतन्य खरात. खोली एकशे सतरा.”

“खोली नव्हती विचारली.”

“आमच्याकडे असंच सांगतात.”

ते खरेच तसे होते. या धरण्याची एक शिस्त होती आणि ती पहिल्या दिवशी सर्वांनी मिळून ठरवली होती. कोणी शिवी दिली, ढकलले, हिणवले, तर उत्तर द्यायचे नाही, उठायचे नाही, फक्त आपले नाव आणि खोली क्रमांक सांगायचा. एकोणचाळीस दिवसांत पहारेकऱ्यांना वसाहतीतली निम्मी नावे पाठ झाली होती आणि शिव्या हळूहळू थांबल्या होत्या. नाव आणि खोली ठाऊक असलेल्या माणसाला शिवी देणे जड जाते, असे चैतन्यच्या आईचे, द्रौपदीबाईंचे, निरीक्षण होते. धरण्याच्या त्याच प्रमुख होत्या.

मागणीही एकच होती. कामगारवसाहतीत एकशे चौसष्ट खोल्या. त्या पाडून नवी इमारत होईपर्यंत सर्वांनी मानखुर्दच्या तात्पुरत्या घरांत जावे, असे कंपनीचे म्हणणे. जाऊ, पण परत आणणार हे नोंदणीकृत करारात लिहून द्या, असे रहिवाशांचे म्हणणे.

ऋताने ते सर्व टिपून घेतले. निघताना तिने वहीतला एकसष्ट खोडून बासष्ट केला. बाजूला कारण लिहिण्याची तिची पद्धत होती. तिने लिहिले — बूट, पिशवीत.

*

बातमी एकदाच करायची होती. पण पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

“विक्रोळीत काय सोनं सापडलंय का?” तिचा वृत्तसंपादक सर्वेश फोनवर म्हणाला.

“शांतता सापडलीये.”

“ती छापता येत नाही गं. जागा खाते.”

ते त्याने दुष्टपणे म्हटले नव्हते. तोही थकलेलाच होता. एक एप्रिलपासून आंदोलनांचे साप्ताहिक पान बंद होणार होते. पुण्यातल्या एका शिक्षण संस्थेने ऋताला अहवाल लिहिण्याचे काम देऊ केले होते आणि उत्तरासाठी बारा मार्चपर्यंत मुदत दिली होती. ते पत्र तिच्या पिशवीत होते. नऊ वर्षांत तिने पाहिलेली बहुतेक आंदोलने हरली नव्हती आणि जिंकलीही नव्हती. लोक एकेक करून उठून गेले होते. शेवटी सतरंजी गुंडाळायला दोघे-तिघे उरत आणि त्यांची नावे ती लिही. आताशा तिला ती नावे आठवत नसत, आणि त्याची लाजही वाटेनाशी झाली होती... याचेच तिला भय वाटे.

गुरुवारी मात्र तिचे पाय फाटकाकडे थोडे भरभर पडत.

चैतन्य फिटर होता. मुलुंडच्या एका आयटीआयमध्ये तो संध्याकाळच्या वर्गाला शिकवी. म्हणून दिवसा धरण्यावर बसणे त्याला जमे. तो बोले कमी, आणि जे बोले ते मोजूनमापून.

सहा फेब्रुवारीला फाटकाशी येतानाच ऋताच्या उजव्या सँडलचा पट्टा उखडला. ती लंगडत जाऊन फाटकाशेजारच्या कठड्यावर बसली. चैतन्यने काही न विचारता हात पुढे केला, सँडल गुडघ्यावर घेतली आणि पिशवीतून सुई व मेणाचा दोरा काढला.

“आयटीआयमध्ये चामडं शिवायला शिकवतात?”

“जे सुटलंय ते बसवायचं, एवढंच शिकवतो. दोरा काळा आहे. दिसेल.”

“दिसू दे.”

ती एक पाय अधांतरी धरून कठड्यावर बसली होती. द्रौपदीबाईंना ते पाहवेना.

“अगं, ये ना सतरंजीवर. चावते का ती?”

“नाही मावशी. नियम आहे माझा.”

“आमचापण आहे. पाहुण्याला तंगडी वर करून बसवत नाही.”

“मी पाहुणी नाही.”

“मग कोण आहेस?”

सुई चामड्यात अर्धी शिरून थांबली. चैतन्यने वर पाहिले नाही, पण त्याचे कान पाहत होते, असे म्हणावे लागेल. ऋताने मांडीवरची वही उघडली.

“मोजणारी आहे मी,” ती म्हणाली.

“बरं,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “मोज.”

सुई पलीकडे निघाली. एकूण नऊ टाके पडले. ऋताने ते मोजले होते, सवयच होती.

त्या महिन्याअखेर ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले. कधी, ते दोघांनाही सांगता आले नसते, आणि या एका बाबतीत दोघांच्याही वहीत नोंद नव्हती. “थकलीयेस तू,” असे एकदा चैतन्य म्हणाला आणि तिने ते दुरुस्त केले नाही, इतकेच. घरी तिच्या आईच्या, जयंतीबाईंच्या, कानांनी मात्र ते टिपले.

“फोनवर हे चैतन्य कोण गं?”

“चैतन्य खरात.”

“खरात म्हणजे...?”

“म्हणजे विक्रोळीचे, आई.”

मुलुंडच्या घरच्या स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली. मग जयंतीबाईंनी गॅस बारीक केला. “जेवायला काय चालतं त्यांना?”

“सगळं. तुझ्या हातचं असलं तरी.”

“आगाऊ आहेस.”

*

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचे व्यवस्थापक श्यामकांत विद्वांस स्वतः सतरंजीपर्यंत आले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला, टापटिपीचा, थकलेला माणूस. त्यांचे म्हणणे सरळ होते. मुख्यालयाला वाटते, की बहुतेक खोल्यांना प्रस्ताव मान्य आहे आणि इथे मूठभर लोक बसतात. तेव्हा शंभराव्या दिवशी, अकरा मार्चला, संध्याकाळी पाच वाजता मोजणी करू. निम्म्याहून अधिक खोल्यांतून, म्हणजे किमान त्र्याऐंशी खोल्यांतून, प्रत्येकी एक माणूस बसलेला असेल, तर करारावर बोलणी सुरू. एकानेही कमी असेल, तर धरणे संपले आणि मानखुर्द.

“मोजणार कोण?” द्रौपदीबाईंनी विचारले.

विद्वांसांनी कठड्याकडे बोट दाखवले. “ह्या मोजतील. यांचा आकडा आमच्याकडेही पेपरातून कापून ठेवलेला असतो.”

नऊ वर्षांत ऋताला मिळालेले ते एकमेव प्रशस्तिपत्र. त्या दिवशी तिने ठरवले, की ही मोजणी शेवटची. ती नीट करायची आणि मग पुण्याला ‘येते’ म्हणून कळवायचे. चैतन्यला तिने ते सांगितले, तेव्हा तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

“काही बोलणार नाहीस?”

“बोललो तर तुझा आकडा बदलेल. मोजणी होईपर्यंत मी गप्प.”

“आणि मोजणी झाल्यावर?”

“तेव्हा... खोली क्रमांक सांगीन.”

*

मंगळवार, अकरा मार्च. सकाळी दहाला वहीत शहाऐंशी सह्या झाल्या. वही सकाळची, जोड संध्याकाळचे. ठरलेले असे होते, की पाचला फक्त जोड मोजायचे, एका खोलीचा एकच; म्हणून रांगेत चैतन्यचे बूट होते आणि द्रौपदीबाईंच्या चपला पिशवीत. ऊन इतके होते, की फाटकाच्या पत्र्याला हात लागत नव्हता. दुपारनंतर कोणाची कामाची पाळी होती, कोणाच्या मुलीला परीक्षेहून आणायचे होते. उठून जाणारा माणूस इतरांकडे न पाहता चप्पल घाली, आणि प्रत्येकाला वाटे, एकाने काय होणार आहे.

ऋता सकाळपासून उभी होती. सँडलने टाच कापली होती. चार वाजून एकतीस मिनिटांनी तिच्या डोळ्यांपुढे क्षणभर पांढरे झाले आणि तिने कठडा धरला.

“बस,” चैतन्य हलकेच म्हणाला.

“नियम—”

“मोजणी पाचला. आत्ता साडेचार. आत्ता तू कोणीही नाहीस. बस.”

आत्ता तू कोणीही नाहीस... नऊ वर्षांत तिला इतके दयाळू वाक्य कोणी ऐकवले नव्हते. तिने सँडल काढल्या, त्याच्या बुटांशेजारी ठेवल्या आणि सतरंजीवर टेकली. सतरंजी चावत नव्हती. त्याच्या सदऱ्याला साबणाचा आणि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास होता. त्या वासातच तिची मान कलंडली. चैतन्यने पुढली वीस मिनिटे उजवा खांदा हलवला नाही. मुंगी चढली, तीही तशीच उतरू दिली.

फाटक करकरले तशी ती दचकून उठली. चार छप्पन्न. विद्वांस घड्याळ पाहत बाहेर येत होते. ऋताने वही घेतली आणि सतरंजीच्या कडेकडेने रांगा मोजत निघाली. सतरा. सोळा. अठरा. पंधरा. सतरा. टोकापासून उलट पुन्हा मोजले. सतरा, पंधरा, अठरा, सोळा, सतरा.

“त्र्याऐंशी,” ती म्हणाली. मग वहीतला आकडा विद्वांसांना दाखवला. “त्र्याऐंशी जोड.”

शंभर दिवस मुकाट बसलेल्या माणसांना आनंद कसा करायचा हेही क्षणभर सुचेना. मग कोणीतरी टाळी वाजवली. द्रौपदीबाईंनी पदराच्या गाठीतून साखरेची पुडी सोडली. विद्वांसांनी आकडा लिहून घेतला आणि ते पत्र तयार करायला फाटकाशेजारच्या कचेरीत गेले. ऋताने पाच वाजून सात मिनिटांनी दैनिकाला आकडा कळवला. माणसे चपला घालून वसाहतीकडे निघाली... वळून वळून बोलत, हसत.

चैतन्य तिच्याजवळ आला. “मोजणी झाली,” तो म्हणाला. “आता सांगू?”

“सांग.” ती हसत होती. मग ती हसायची थांबली.

मोकळ्या सतरंजीसमोर, पाचव्या रांगेच्या शेवटी, एक जोड अजून होता. कोणीतरी विसरले, असे तिला आधी वाटले. तपकिरी सँडल. उजव्या पट्ट्यावर काळ्या दोऱ्याचे नऊ टाके.

ती खाली आपल्या पायांकडे पाहत राहिली. अनवाणी होते.

“चैतन्य,” ती म्हणाली. “ब्याऐंशी आहेत.”

त्याने सँडलकडे पाहिले, तिच्या पायांकडे पाहिले. त्याला समजायला फार वेळ लागला नाही. तो हिशेबी माणूस होता.

“कोणी पाहिलं?”

“मी.”

“एक जोड, ऋता!” तो आयुष्यात प्रथमच तिच्यावर ओरडला. “एक! शंभर दिवस... आईचे गुडघे बघितलेस तू? ती बघ, साखर वाटतेय. तुझा नियम, तुझा आकडा... त्याचं लोणचं घाल! काय मिळणार आहे तुला?”

तिच्याकडे उत्तर होते. नऊ वर्षांची उत्तरे होती. पण ती सरळ उभी राहिली आणि हात बाजूला सोडून म्हणाली —

“ऋता टिपणीस. खोली...” ती अडखळली. “खोली नाहीये मला.”

चैतन्य थांबला. वसाहतीकडून कोणाचे तरी हसणे ऐकू येत होते. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तो वाकला, तिच्या सँडल उचलल्या आणि तिच्या पायांपाशी, टाचा जुळवून, ठेवल्या.

“घाल,” तो म्हणाला. “अनवाणी कुठे जाणारेस? चल. आधी आईला सांगू.”

द्रौपदीबाईंनी सगळे ऐकून घेतले. हातातली साखर तशीच राहिली.

“दर वेळी म्हणत होते, बस गं, बस गं,” त्या म्हणाल्या. “नव्वद वेळा नाही म्हणालीस आणि बसलीस ती नेमकी आज.”

“चुकले मावशी.”

“पाय दुखत होते ना?”

ऋताला एवढा वेळ रडू आले नव्हते. आता आले.

“रडायचं नंतर. साहेब पत्र लिहीत असतील. शाई वाळायच्या आत गेलेलं बरं.” त्यांनी साखर पुन्हा पुडीत बांधली. “शंभर दिवस खरं धरून बसलो ते काय शेवटी खोट्यावर उठायला?”

*

विद्वांसांनी पेनाला टोपण लावले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“मला कधीच कळलं नसतं,” ते म्हणाले.

“म्हणून आलो,” चैतन्य म्हणाला.

“अट मोडली, हे समजतंय ना तुम्हाला?”

“समजतंय.”

विद्वांस खिडकीबाहेर पाहू लागले. तिथून बंद भट्टीची चिमणी दिसत होती. “मी या कारखान्यात लागलो तो तपासणी विभागात,” ते म्हणाले. “काचेची बाटली सदोष निघाली, तर बाटली फेकायची. पण मोजमापाचं यंत्रच सदोष निघालं, तर बाटल्या फेकत नाहीत. यंत्र बदलून तपासणी पुन्हा घेतात. मुख्यालयाला आज मी एवढंच कळवू शकतो, की मोजणी सदोष होती. उद्या पाच वाजता पुन्हा. त्र्याऐंशीच. त्यात सवलत नाही.” त्यांनी ऋताकडे पाहिले. “आणि मोजणार तुम्ही नाही.”

“नाही,” ऋता म्हणाली.

“मी मोजेन. चपला चालतील ना?”

बाहेर येऊन तिने दैनिकाला दुरुस्ती पाठवली. आकडा : ब्याऐंशी. चुकीचे कारण : मोजणारीच्या चपला.

दोन मिनिटांत सर्वेशचा फोन आला. “चपला? ऋता, वाट लागली यार! नऊ वर्षं... लोक हसतील.”

“हसू देत. उद्या दुसऱ्या कोणाला तरी पाठव.”

“आणि तू?”

“मीही असेन. बातमीसाठी नाही.”

“मोजणाऱ्यानं सतरंजीवर बसायचं नसतं, हे तूच सगळ्यांना शिकवलंस.”

“हो. म्हणून मोजणं सोडते. लिहिणं नाही. पान बंद कर, मी कुठेतरी लिहीन.”

त्या संध्याकाळी द्रौपदीबाई गुडघ्याला फडके बांधून दारोदार फिरल्या. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. फक्त घडले ते सांगितले — एकाने कमी पडलो. त्र्याऐंशी सांगितले गेले होते, आम्ही ते परत केले. आपल्यावाचून अडत नाही, असे मानून घरी राहिलेल्यांना अडलेला आकडा किती होता ते प्रथमच कळले. एक. तो आपणच, असे बऱ्याच दारांत वाटले असावे. पण वाटणे आणि येणे यांत विक्रोळीएवढे अंतर असते.

*

बुधवार, बारा मार्च. एकशे एकावा दिवस. दहा वाजता एकोणऐंशी. दुपारी दोनला अठ्ठ्याहत्तर. चैतन्य हजेरीच्या वहीकडे पाहीनासा झाला. साडेतीनला वसाहतीतला एक रिक्षाचालक रिक्षा फाटकाशी लावून येऊन बसला. चारनंतर मागच्या ओळीच्या खोल्यांतले पाच-सहा जण एकमेकांना ढोसत आले. त्यांतल्या दोघांनी मानखुर्दच्या संमतीवर आधीच सह्या केलेल्या होत्या. कोणी त्यांना काही विचारले नाही. लोक नुसते सरकून बसले.

ऋता कठड्यावर बसली होती. चार वाजून दहा मिनिटांनी ती उतरली, सँडल काढल्या, चैतन्यच्या बुटांशेजारी ठेवल्या आणि त्याच्याजवळ सतरंजीवर येऊन बसली.

“पुण्याला काय कळवलंस?” त्याने समोर पाहतच विचारले.

“सँडल दुरुस्त करणारा विक्रोळीत आहे म्हणून.”

“एवढ्यावर नोकरी सोडतेस?”

“नऊ टाके आहेत. मोजलेत मी.”

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. “काल सांगायचं राहिलं,” तो म्हणाला. “चैतन्य खरात. खोली एकशे सतरा. एक खोली, एक मोरी, खिडकी खाडीकडे... पाडणार आहेत. पुढे कुठे असेन ते पाचला कळेल. चालेल?”

“खोली नव्हती विचारली,” ऋता म्हणाली. मग सतरंजीवर, दोघांच्या मध्ये, तिने आपला हात उताणा ठेवला. त्याने तो घेतला. दोघांचेही तळवे घामेजलेले होते. ऊन होतेच तसे.

पाच वाजता विद्वांस आले. खिशातून चष्मा काढून ते रांगांवरून सावकाश चालत गेले, ओठांनी आकडे पुटपुटत. पाचव्या रांगेच्या शेवटी ते थांबले आणि तपकिरी सँडलकडे त्यांनी पेनाने खूण केली.

“ही कोणत्या खोलीची?”

ऋताने तोंड उघडले. पण त्याआधीच पुढच्या सतरंजीवरून, मान न वळवता, द्रौपदीबाई म्हणाल्या —

“एकशे सतरा.”

विद्वांसांनी हातातली हजेरीची वही पाहिली. “एकशे सतराचे बूट मोजलेत मी.”

“म्हणून तर म्हणते साहेब. ही मोजू नका.”

विद्वांसांनी एकदा बुटांकडे पाहिले, एकदा सँडलकडे, एकदा सतरंजीवरच्या त्या दोन हातांकडे. मग त्यांनी टोपण काढले आणि उभ्या उभ्याच नोंद केली.

खोल्या : चौऱ्याऐंशी. जोड : पंच्याऐंशी.